कोलटकरांच्या कवितेतले चित्रकार

कवी अरुण कोलटकरांवर बोलायचं म्हटलं की आपली गाडी ठरलेल्या रुळांवरून धावते. तुकारामाचे अनुवाद, लघुअनियतकालिकं (म्हणजे ती छोटी, जमेल तेव्हा निघणारी बंडखोर नियतकालिकं), मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहिणं. सगळं खरंच आहे. पण या माणसाची उठबस चित्रकारांत होती, ही गोष्ट परिचयातल्या एका ओळीत उरकली जाते. मला ते खटकतं.

१९४९ साली वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले ते कोल्हापूरचे बालमित्र बाबुराव सडवेलकरांच्या सोबतीनं. पदविका हातात पडली १९५७ला! (मधल्या वर्षांचा हिशेब कवीकडे मागू नये.) दर्शन छाबडांशी लग्न झालं आणि चित्रकार बाल छाबडा मेव्हणे झाले. पोटापाण्याला जाहिरात एजन्सीतलं आर्ट डिरेक्टरचं काम. म्हणजे लेआउट लावणारा आणि कविता लिहिणारा हात एकच.

'काळा घोडा पोएम्स' या त्यांच्या इंग्रजी संग्रहातला तो कुत्रा आठवा. भल्या सकाळी ट्रॅफिक आयलंडवर पहुडलेला. अंगाचा रंग जुन्या कागदासारखा, त्यावर काळे डाग. आणि हे महाशय स्वतःला सतराव्या शतकातल्या मुंबईचा नकाशा समजतात, सात बेटं अजून न जोडलेली! नुसती झकास उपमा म्हणून पुढे जाऊ नका. इथे आधी डाग दिसलाय, मग दोन डागांमधली मोकळी जागा, आणि अर्थ सगळ्यात शेवटी आलाय. 'जेजुरी' या संग्रहातल्या नाचणाऱ्या कोंबड्यांचंही तेच. शब्द पानभर उड्या मारतात, ते पान वाचायच्या आधी बघावं लागतं.

अमुक चित्रावरून तमुक कविता, असा पुरावा मागणाऱ्यांना मी काही देऊ शकत नाही. माझं म्हणणं एवढंच, की चित्रकारांत बसणाऱ्याला बघून गप्प राहायची सवय लागते. 'जेजुरी'तच मोडक्या दारावर वाळत घातलेली चड्डी कोलटकर दाखवतात आणि थांबतात. आपल्याकडचा दुसरा कुणी असता तर तिथे संस्कृतीच्या ऱ्हासावर चार ओळी ठोकल्या असत्या.

१९७६ला 'क्लिअरिंग हाउस' ही कवितेची प्रकाशनसंस्था काढणाऱ्या चौघांत कोलटकरांबरोबर गीव्ह पटेलही होते. पेशानं डॉक्टर, शिवाय कवी, नाटककार आणि चित्रकार. त्यांची विहिरींची चित्रं बघा. काठावरून वाकून खाली बघत राहायचं, बस्स. त्या प्रकाशनाच्या पुस्तकांची मुखपृष्ठं कोलटकरांची.

एम.ए.ला कोलटकर शिकवणाऱ्यांनी एक तास तरी वर्ग मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत न्यावा. तशीही ती काळ्या घोड्यालाच आहे. हजेरी तिथेच घ्या.