एजंट? मी?

‘एजंटच्या थाटात लिहिलेला लेख. आरोग्य विम्यात घरी घेतलेल्या उपचारांचं कव्हर नुसतं कागदावर असतं, क्लेम कुणालाच मिळत नाही आणि तीन दिवसांची अट तर तुम्ही लपवलीच आहे,’ असं आपण माझ्या लेखाखाली लिहिलंत. ‘आपण’ म्हणतोय, कारण अनोळखी माणसाशी आमच्या घरात असंच बोलतात.

तीन दिवसांची अट लिहायची राहिली, मान्य. बहुतेक पॉलिसींत घरचे उपचार तीन दिवसांच्या पुढे चालले तरच क्लेम बसतो. लेखात ती भर आता घातली आहे. पण ‘राहिली’ आणि ‘लपवली’ यांत फरक असतो, साहेब. (की बाई? नाव टाकण्याची तसदी आपण घेतलेली नाही.)

आता ‘एजंट’. वडिलांचा न्यूमोनिया बळावला तेव्हा डॉक्टर म्हणाले, यांना हलवू नका. अकरा दिवस आमची बाहेरची खोली म्हणजे वॉर्ड होता. कॉन्सन्ट्रेटरची घरघर, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली सलाईन आणि दर चार तासांनी ताप, नाडी, ऑक्सिजन लिहायची माझी वही. क्लेम पहिल्या फेरीत परत आला, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं ‘घरी उपचार चालू’ एवढंच होतं. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, व्याख्येत दोनच वाटा आहेत: रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नसणं, किंवा रुग्णालयात जागा न मिळणं. घरी बरं वाटतं म्हणून घरी ठेवलं, हे त्यात बसत नाही. नवं पत्र आणलं, वही जोडली, पैसे मिळाले. नर्सचे सोडून. तिच्या पावतीवर नोंदणी क्रमांक नव्हता. मी एजंट असतो, तर ते पत्र पहिल्याच दिवशी नीट लिहून घेतलं नसतं का?

‘कुणालाच नाही’ म्हणे! जुलै २०२० मध्ये आलेल्या कोरोना कवच पॉलिसीत तर घरच्या उपचारांचा १४ दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला होता.

मधुमेह, रक्तदाब, दमा हे आजार या कव्हरमधून वगळलेले असतात, असंही आपण उद्गारचिन्हांसकट सुनावलंत. अनेक पॉलिसींत असतात. यादी पॉलिसीतच छापलेली असते, वाचावी. प्रीमियमबद्दलच्या टोमण्यावर मी वेळ घालवत नाही.

आपला स्वतःचा क्लेम नाकारला गेला असेल (सूर तसाच वाटला), तर नकाराच्या पत्रात कारण काय दिलंय ते इथे लिहा. बघू.