१४ लाखांचा आकडा आणि त्याच्या आधीचा 'जर'

नमस्कार डॉक्टरसाहेब,

उत्तराला उशीर झाला, कॉलेजात परीक्षा चालू होत्या आणि तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीवर मी जे लिहिलं होतं त्यावर डॉक्टरांचं म्हणणं असं की २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, गणित मांडून १४ लाख पेशंट होतील म्हणून सांगितलं, प्रत्यक्षात गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन मिळून २८ हजारांच्या आसपास झाले, इतकी चूक त्यांच्या पीएचसीतल्या कंपाउंडरनेही केली नसती, आणि गरीब देशांना समीकरणं नकोत, डॉक्टर, नर्स, सलाईन आणि हातमोजे हवेत.

शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. त्या तीन देशांत साथीच्या आधीच लाख लोकांमागे एक-दोन डॉक्टर होते असं डब्ल्यूएचओनेच सांगितलंय, तिथे समीकरणाने सलाईन लागत नाही.

पण १४ लाखांबद्दल बोलायलाच हवं. तो आकडा फक्त लायबेरिया आणि सिएरा लिओनचा होता, २० जानेवारी २०१५ पर्यंतचा. मूळ हिशोब साडेपाच लाखांचा, आणि बरेच पेशंट नोंदवलेच जात नाहीत म्हणून त्याला अडीचने गुणलं की १४ लाख. आणि ह्या सगळ्याच्या आधी एक 'जर' होता, की आत्ता चाललंय तसंच चालू राहिलं तर. लायबेरियात तेव्हा दर १५-२० दिवसांनी पेशंट दुप्पट होत होते. त्याच रिपोर्टमध्ये पुढे हेही होतं की ७० टक्के पेशंट नीट वेगळे ठेवता आले आणि अंत्यविधी सुरक्षित झाले तर साथ ओसरायला लागेल, आणि हे करायला महिना उशीर झाला की रोजच्या नव्या पेशंटचं शिखर साधारण तिपटीने वर जाईल. पेपरवाल्यांनी पहिला आकडा छापला, दुसरी गोष्ट कुणी वाचलीच नाही. तुम्ही पेशंटला सांगता ना, गोळी बंद केलीत तर शुगर चारशेवर जाईल म्हणून? त्याने गोळी घेतली, शुगर दीडशेवर राहिली, आणि मग तो तुमचा अंदाज चुकला म्हणत आला तर तुम्ही काय म्हणाल?

आता जिथे तुमचं खरंय ते. दुप्पट होण्याचा वेग तसाच राहील हे धरणं चुकलं, कारण लोक स्वतःहून बदलतात, आणि लायबेरियात ते बाहेरची मदत पूर्ण पोचायच्या आधीच बदलायला लागले होते. अमेरिकन सैन्याने तिथे ११ उपचार केंद्रं बांधली, त्या सगळ्यात मिळून इबोलाचे फक्त २८ पेशंट दाखल झाले. ह्या पैशात किती नर्स आल्या असत्या हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आणि प्रेताला आंघोळ घालणारे हात कुठल्या समीकरणात असतात? इबोला प्रेताला हात लावल्यानेही पसरतो, म्हणून मॉन्रोव्हियात, लायबेरियाच्या राजधानीत, २०१४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने प्रेतं जाळायचा हुकूम काढला. संसर्गाच्या हिशोबाने एकदम बरोबर. पण तिकडे पुरायची रीत, आपल्या माणसाला धुवून, कपडे घालून निरोप द्यायची रीत, त्यामुळे लोक आजारी माणूसच लपवायला लागले, मेला तर गुपचूप पुरायला लागले. शेवटी डिसेंबरात शहराबाहेर डिस्को हिलला दफनभूमी सुरू झाली, घरच्यांना लांब उभं राहून का होईना बघता यायला लागलं. 'सुरक्षित अंत्यविधी' हा साथीच्या गणिती मॉडेलमधला एक टक्केवारीचा रकाना, पण तो भरायचा कसा हे फक्त तिथल्या माणसांना माहीत होतं.

तरीही गणित सोडा हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण इबोलापेक्षा मलेरियात जास्त स्वच्छ दिसतं. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला हे आपण शाळेत शिकतो, पुढचं शिकवत नाहीत. तो म्हणायला लागला डास कमी करा, तर लाहोरजवळ मियाँ मीर छावणीत ते करून बघितलं आणि फसलं, मग सगळे म्हणाले सगळे डास मारणं अशक्य तर मग उपयोग काय. ह्यावर रॉसने हिशोब मांडला, बघा किती साधा आहे. हजार वस्तीचं गाव, त्यात एकाच्या रक्तात जंतू. महिन्याला ४८ हजार डास. चारातला एक माणसाला चावतो, राहिले १२ हजार. त्यातला हजारातला एक नेमका त्या पेशंटला चावेल, म्हणजे १२. डासाच्या अंगात जंतू तयार व्हायला दहाएक दिवस लागतात, तेवढं तीनातला एकच डास जगतो, राहिले ४. त्यातला परत चारातला एक माणसाला चावणार, म्हणजे महिन्याला एक नवा पेशंट. अठ्ठेचाळीस हजार डासांमागे एक! म्हणजे सगळे डास मारायची गरजच नाही, एका मर्यादेखाली आणले की जितके नवे आजारी पडतात त्याहून जास्त बरे होतात आणि मलेरिया आपसूक ओसरतो. ही गोष्ट नुसतं बघून कुणालाच कळली नव्हती, हिशोब केल्यावर कळली. आणि ज्याच्याकडे फवारणीचे पंप दहाच आहेत त्याला ही मर्यादा माहीत असण्याची गरज श्रीमंत देशापेक्षा जास्त आहे, कारण त्याला चूक परवडत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

हिशोबात काय घातलंय ते मात्र कुणीतरी तपासायला हवं, आणि हे मी स्वतः चुकून शिकलेय. दोन वर्षं एका आरोग्य प्रकल्पात आकडेमोडीचं काम केलं होतं, मलेरिया तपासायला घेतलेल्या तापाच्या पेशंटच्या रक्ताच्या स्लाइडचे आकडे दर आठवड्याला यायचे. एका उपकेंद्राचे सलग तीन आठवडे शून्य आले, मी खुशाल धरून चालले की तिथला मलेरिया उतरला. नंतर तिथे गेले तेव्हा सिस्टरनी रजिस्टर उघडून दाखवलं, त्या तीन आठवड्यांच्या रकान्यात शून्य नव्हतंच, पेन्सिलीने आडवी रेघ होती. स्लाइड घेणारा आरोग्यसेवक पोलिओच्या ड्यूटीवर पाठवलेला, म्हणून स्लाइडच घेतल्या नव्हत्या, आणि वरच्या ऑफिसात कॉम्प्युटरमध्ये भरताना रेघेचं शून्य झालं. ताप गावात होताच, आणि ते तीन आठवडे मी त्या गावाला यादीत खाली ढकललं होतं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

तुम्ही हे सगळं 'गोऱ्यांचं खूळ' म्हणालात, त्यावर एकच सांगते. आज जगभर साथींची जी मॉडेलं वापरतात त्यांचा मूळ पाया १९२७ चा, करमॅक आणि मॅकेंड्रिक ह्या स्कॉटलंडमधल्या दोन शास्त्रज्ञांचा, आणि त्यात त्यांनी आपलं समीकरण ज्या आकड्यांवर लावून दाखवलं ते आपल्या मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे आहेत. वक्ररेषा मस्त जुळली, पण त्यात उंदीरही नाहीत आणि ऋतूही नाही, आणि प्लेग तर त्यांच्यावरच चालायचा. माणसं मुंबईत मेली, हिशोब स्कॉटलंडमध्ये झाला. तुमचा राग ह्याच्यावर असेल तर मी तुमच्याबरोबर आहे, फक्त माझं म्हणणं हिशोब मॉन्रोव्हियात आणि सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये बसून करणारी तिथली माणसं तयार व्हायला हवीत, त्यांना पगार मिळायला हवा, हिशोबात उंदीर धरायचा राहिला तर ते त्यांच्या लक्षात येईल.

आणि हो, मूळ लेखात मी 'गणिताने साथ आटोक्यात आली' असं लिहिलं होतं. ते चूक आहे, प्रेतं उचलणाऱ्या आणि दारोदार जाऊन सांगणाऱ्या तिथल्या लोकांनी ती आटोक्यात आणली. वाक्य आज बदलते आणि खाली तुमचं नाव घालून का बदललं तेही लिहिते, चालेल ना?