शून्य आहे की आहेत?

"नन ऑफ द रिपोर्ट्स आर रेडी." मेलमध्ये मी एवढंच लिहिलं होतं. तो मेल चौदा जणांना गेला होता आणि चौदाही जणांना दिसेल असं उत्तर आलं: "इज". नाव नाही, नमस्कार नाही. नुसतं इज.

हे गृहस्थ माझ्यापासून चार खुर्च्या पलीकडे बसतात. उठून गेलो.

"सर, इथं 'आर'पण चालतं."

"चालवलं तर काय, काहीही चालतं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. लिहायचं काही नसतं, पण टोपण काढल्याशिवाय त्यांना दुसऱ्याची चूक सांगता येत नाही. "नन म्हणजे नॉट वन. आता वन म्हणजे किती?"

"एक."

"एकवचन!" हे शेजारच्या टेबलांना उद्देशून.

"पण सर, तयार रिपोर्ट एकही नाही. शून्य आहेत."

ते थबकले. पेन हवेत. "शून्य आहे," म्हणाले. "आहेत नाही."

ननचं मूळ 'नॉट वन'च, हे खरं. पण इंग्रजीत ते शेकडो वर्षं अनेकवचनीही वापरलं जातंय, हे मला रात्री साडेअकराला पांघरुणात मोबाइलवर सापडलं. तेव्हा वाद घालायला समोर कोणी नव्हतं. मुळात या भाषेचंच काही खरं नाही. 'एव्हरीवन'मध्ये अख्खी जत्रा मावते, तरी क्रियापद एकट्याचं. बरं, 'एव्हरीवन हॅज डन देअर वर्क' म्हटलं की निघताना एक असलेला माणूस पोचेपर्यंत अनेक होतो. 'देअर' टाळायला लोक 'हिज' लिहीत. ब्रिटिश पार्लमेंटनं तर १८५० साली कायदाच करून टाकला, की कायद्यातल्या 'ही'मध्ये 'शी'सुद्धा धरावी. आपलं बरोबर उलटं. बाबा एकटेच येतात, तरी 'आले'. आपण मानापायी एकाचे अनेक करतो, तिकडे गर्दीचा एक.

आणि ऑल, सम, मोस्ट? 'ऑफ'च्या पलीकडे कोण बसलंय ते बघून त्यांचं क्रियापद ठरतं. हा नियम ऑफिसातही पाळतात, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळीच साहेबांचा मेल, चौदा जणांना: "व्हेअर इज द रिपोर्ट्स?"

मी चार खुर्च्या पलीकडे पाहिलं. टोपण पेनावर घट्ट.

"सर, 'इज'?"

"घाईत लिहिलं असेल," ते स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले. "साहेब आहेत ते."