‘पाच मिनिटांच्या कामाला अडीच तास’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

१९ तारखेला आम्ही सर्व्हरला नेटवर्क कार्ड बसवत होतो तेव्हा तुमच्या माणसांना घरून टॅलीत शिरता आलं नाही, त्यात दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख. चिडचिड होणारच. त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. पण ‘पैसे काढायला मुद्दाम वेळ लावला’ हे जे लिहिलंत ते जिव्हारी लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नेटवर्क कार्ड स्लॉटमध्ये बसवायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, कबूल. पण त्यासाठी व्हीपीएन सर्व्हर, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून देणारं मशीन, बंद करावा लागतो, आणि नुसतं शटडाउन करून भागत नाही. पॉवर केबल लागलेली असली की मदरबोर्डवर स्टँडबाय करंट राहतो. तुमच्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, म्हणजे दोन्ही केबल काढायच्या. त्याआधी घरून जोडलेल्यांना बाहेर पडायला सांगायचं. तुमच्या अकाउंट्सच्या मॅडम फोनवर ‘एवढी एंट्री होऊ द्या’ म्हणाल्या, त्यात पाऊण तास गेला. आमचा मुलगा मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून नुसता बसून होता. हे रिव्ह्यूत कुठे आलं नाही.

कार्ड तुम्हीच ऑनलाइन मागवलेलं. हरकत नाही. पण तुमच्यासारख्या बसक्या (२यू) सर्व्हरमध्ये बुटकं ब्रॅकेट, म्हणजे कार्ड खोक्याला अडकवायची पत्र्याची पट्टी, लागतं, याला उंच होतं आणि खोक्यात दुसरं नव्हतं. मुलाने दुकानात येऊन आमच्याकडच्या तशाच कार्डाचं बुटकं ब्रॅकेट काढून नेलं, त्याचा एक रुपया लावला नाही. तुमचं उंच ब्रॅकेट इथे पडलंय, केव्हाही घेऊन जा.

चालू केल्यावर व्हीपीएन जोडेना, ते कार्ड खराब म्हणून नव्हे. सर्व्हरवरच्या लिनक्समध्ये नेटवर्क पोर्टचं नाव पीसीआय बसच्या, म्हणजे कार्ड ज्या जोडणीवर असतं तिच्या, क्रमांकावरून पडतं. नवं कार्ड आल्यावर क्रमांक सरकले, जुना पोर्ट ‘ईएनपी३एस०’चा झाला ‘ईएनपी४एस०’, आणि आयपी, फायरवॉलचे नियम सगळे जुन्याच नावावर. दुरुस्ती दहा मिनिटांची, पण त्यासाठी लागणारा सर्व्हरचा मुख्य (रूट) पासवर्ड तुमच्या आधीच्या आयटीवाल्याकडे, आणि तो फोन उचलेना. पासवर्ड काढून ठेवा, हे आम्ही आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

बिल एकदा काढून बघा. पावणेदोन तासांचं आहे. मॅडमच्या एंट्रीचा पाऊण तास आम्ही धरलाच नाही.

यापुढे कामाला येण्याआधी काय काय लागेल ते व्हॉट्सॲपवर कळवत जाऊ, वेळेचंही बघतो काहीतरी. एक स्टार राहू द्या, तुमची मर्जी. फक्त ते ‘पैसे काढायला’वालं वाक्य तेवढं काढलंत तर बरं होईल, नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचतं.