काठावर पास

नदीकाठच्या शांत उपनगरात राहतो असं सांगितलं की समोरचा सुस्कारा सोडून म्हणतो, "नशीबवान आहात!" आम्ही नुसती मान डोलावतो. खरं सांगायला बसलं तर त्याची शेवटची गाडी चुकेल.

आधी शांततेचं बघू. वर्दळीच्या रस्त्यावर एक सरसकट गोंगाट असतो आणि त्याच्याआड बाकी सगळं झाकलं जातं. इथे झाकायलाच काही नाही. गळका नळ, फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची, प्रत्येकाला स्वतंत्र ओळख मिळते. त्यात नदीची भर. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा आवाज वर वळवून घालवते. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री नदीच्या खोलगट भागात गार हवा साचते, तिच्यावर उबदार थर बसतो आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. मध्ये झाड नाही, भिंत नाही, नुसतं सपाट पाणी. पैलतीरावरचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू येतं. कोणाचं चुकतंय हेही कळतं, पण सांगायची सोय नाही. ही सेवा दोन्ही दिशांनी चालते, म्हणून जाणकार लोक आपली भांडणं खिडक्या लावून, रस्त्याकडच्या खोलीत करतात.

बेडकांची तक्रार मी करणार नाही. ओरडणारे सगळे नर असतात आणि लग्न जमवायच्या खटपटीत असतात. त्यांचा आवाज अंगवळणी पडतो. झोप उडते ती ते एकदम गप्प झाल्यावर, कारण कोणीतरी काठाने चालत असतं.

ओल हा मात्र पूर्णवेळचा धंदा आहे. पहिला प्रश्न असा की ती येते कुठून? हात-दीड हात लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. थेंब आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर ते हवेतलं. हवेतली ओल असेल तर वारा खेळता ठेवा. भिंतीतली असेल तर पाणी कुठून शिरतंय ते शोधा. लोक तिसरंच करतात: रंग लावतात. भिंतीतलं पाणी वाळताना क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं, ते रंगाखाली फुगतात आणि पापुद्रे सुटतात. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत येते, म्हणजे नेमकी सोफ्यामागे. पांढरी भुकटी दिसली की ती कोरड्या ब्रशने झाडायची. ओल्या फडक्याने पुसली तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात आणि काही दिवसांनी ताजेतवाने होऊन परततात.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. मागे हवा फिरली नाही तर बुरशी आधी तिथेच धरते, मग चामड्याचे बूट आणि पट्टे. आर्द्रतामापकाचा काटा ७० टक्क्यांच्या पुढे गेला की बुरशीला रान मोकळं. आणि कृपा करून पहाटे "ताजी हवा" म्हणून सगळी दारं-खिडक्या उघडू नका. धुकं काठावर बसलेलं असताना हवा ओलीचिंब असते. दुपारी उघडा, निसर्गप्रेम थोडं उशिरा केलं तरी चालतं.

दारांचं वेगळंच. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दार अडकतं ते बहुधा कडीच्या बाजूला. सुतार रंधा घेऊन तयारच असतो. पावसाळ्यात त्याला हात लावू दिलात तर उन्हाळ्यात फटीतून टपाल आत टाकता येईल. कोरडे दिवस येईपर्यंत थांबा, मग दार उतरवून वरची आणि खालची कड रंगवा. त्या कडा कोणाला दिसत नाहीत म्हणून कोणी रंगवत नाही, आणि लाकडाचे कापलेले तोंड तिथेच असल्यामुळे दार पाणी पितं तेही तिथूनच.

डासांचं खापर लोक नदीवर फोडतात. जोरात वाहणाऱ्या पाण्यात डासाची अळी तग धरत नाही. तिला साचलेलं पाणी लागतं: काठावरचं डबकं आणि त्याहून सोयीची आपल्याच कुंडीखालची ताटली. उबदार दिवसांत अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा ताटली आठवड्यातून एकदा उपडी केली की पुरे. नदीतून खरंच येतात ते डासासारखे दिसणारे पण न चावणारे चिलट. ते दिव्यावर ढिगाने जमतात. बाहेरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावला तर गर्दी शेजाऱ्याकडे वळते.

घरपोच सामान आणणाऱ्याचा फोन येतो, "मी तुमच्या घरासमोरच आहे." असतोही. आम्ही गच्चीतून हात हलवतो, तो पैलतीरावरून हलवतो. नकाशाने सरळ रेषेत मोजलेलं असतं, पूल मैलावर. पत्त्यात पुलाचं नाव आणि "पूल ओलांडून डावीकडे" हे शब्द आधी घाला, घराचं नाव नंतर.

आता पूर. "शंभर वर्षांतून एकदा येणारा" म्हणजे आणखी ९९ वर्षं निवांत, असा समज करून घेऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षं राहिलात तर ती २६ टक्क्यांच्या आसपास जाते. वाळूची गोणी गच्च भरून तोंड बांधतात तेही चूक. निम्मी ते दोन-तृतीयांश भरा, तोंड खाली दुमडा, विटांसारखे सांधे चुकवून रचा आणि पायाने दाबा; गच्च गोण्यांमधल्या फटींतून पाणी आरामात येतं.

पण सगळी तटबंदी उंबऱ्यावर उभारली तरी पाणी अनेकदा मागून, मोरीच्या जाळीतून येतं. नदी चढली की सांडपाण्याच्या नळांत पाणी तुंबतं आणि सर्वांत खालचं भोक शोधतं. त्यासाठी बाहेर जाणाऱ्या नळावर एकदिशा झडप बसवतात. तिच्यात केसाचा पुंजका किंवा पिशवीचा तुकडा अडकला की ती अर्धवट उघडी राहते, म्हणून पावसाळ्याआधी उघडून साफ करायची. झडप चोख बंद झाली तर आणखी एक गोष्ट होते: बाहेरचं आत येत नाही, तसं आतलंही बाहेर जात नाही. अशा वेळी वरच्या मजल्यावर कोणी अंघोळीला बसलं की ते सगळं पाणी तळमजल्यावरच्या मोरीतून वर येतं. तेव्हा जिन्यात उभं राहून ओरडावं लागतं, आणि वरच्याला बाकी पैलतीरावरचं सगळं ऐकू येत असलं तरी नळ चालू असताना हे ऐकू येत नाही.