"बाहुलीला कसला आलाय रंग" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एक मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या ग्रुपवर, मग पालकांच्या ग्रुपवर, असा तीन ठिकाणी मी तोच वाचला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं, की आमच्या लहानपणी चिंध्यांची बाहुली होती, तिला ना रंग ना रूप, तरी आम्ही मजेत वाढलो, आता काळी बाहुली, व्हीलचेअरवरची बाहुली, डाऊन सिंड्रोमची बाहुली असलं काहीतरी निघालंय, हे परदेशातलं नवीन खूळ आहे, लहान मुलांना रंग कळतच नाही, असल्या आजारी बाहुल्या बघून मुलं उदास होतील आणि हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. खाली अंगठेच अंगठे.

मी अकरा वर्षं बालवाडी चालवतेय, साडेतीन ते साडेपाच वर्षांची मुलं असतात माझ्याकडे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही. एकेक मुद्दा घेते.

"लहान मुलांना रंग कळत नाही"

कळतो हो. चांगला कळतो. आमच्या टोपलीत सहा बाहुल्या आहेत, पाच दुकानातल्या, गुलाबी-गोऱ्या, सोनेरी केसांच्या, आणि एक मी शिवलेली, चॉकलेटी कापडाची. मुलं घर-घर खेळायला बसली की गोऱ्या बाहुल्या आई होतात, नवरी होतात, टीचर होतात, आणि चॉकलेटी बाहुली भांडी घासायला येते. मी कधी असं सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं, पण दर वर्षी नवी मुलं येतात आणि पहिल्या महिन्यात हेच होतं. एकदा एका चार वर्षांच्या मुलीला मी ती बाहुली दिली तर म्हणाली, "ही नको, ही काळीये." बाहुली तिच्या मांडीवर होती आणि तिचं मनगट बाहुलीच्या हाताला लागूनच होतं, दोन्हींचा रंग एक, इतका एक की मला काय बोलावं सुचेना. तिला ते दिसलं नव्हतं असं नाही, तिने बघितलं आणि मग बाहुली खाली ठेवली.

आणि हे फक्त माझ्या वर्गातलं नाही. अमेरिकेत 1940 च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने 3 ते 7 वयाच्या 253 काळ्या मुलांसमोर चार बाहुल्या ठेवल्या. साचा एकच, फक्त दोन गोऱ्या आणि दोन तपकिरी. खेळायला कुठली आवडेल, छान कुठली, वाईट दिसते ती कुठली असे साधे प्रश्न विचारले. 67 टक्के मुलांनी खेळायला गोरी मागितली आणि 59 टक्के मुलांनी वाईट दिसणारी म्हणून तपकिरी दाखवली. यानंतर विचारलं, "तुझ्यासारखी दिसते ती दे," आणि तिथे काही मुलं रडायला लागली, काही खोलीतून पळून गेली. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांच्या विरोधातला ब्राऊनचा खटला 1954 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात निकाली निघाला, त्या निकालपत्रात केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. बाहुलीमुळे हे सगळं झालं असं मी म्हणत नाही, मुलं हे घरातून, टीव्हीवरून, लग्नाच्या "गोरी, सडपातळ"वाल्या जाहिरातींतून, आजीच्या तोंडून उचलतात, पण मुलांना रंग कळत नाही हे म्हणणं मात्र साफ चूक आहे. आपल्या खडूच्या पेटीत फिकट गुलाबीसर रंगाला अजून "स्किन कलर" म्हणतात ना? अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने 1962 सालीच त्या खडूचं "फ्लेश" हे नाव बदलून "पीच" केलं. आपल्याकडची सावळी मुलं स्वतःचं चित्र काढताना आजही तोच खडू मागतात, "मॅडम, स्किन कलर द्या."

"हे परदेशातलं नवीन खूळ आहे"

नवीन तर अजिबात नाही. अमेरिकेत नॅशव्हिलला आर. एच. बॉइड नावाच्या कृष्णवर्णीय पाद्रींनी काळ्या मुलांसाठी बाहुल्यांची कंपनी काढली ती 1911 च्या सुमारास, म्हणजे बार्बी जन्मायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. बार्बी आली 1959 मध्ये. 1967 मध्ये बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने फ्रॅन्सी नावाच्या गोऱ्या बाहुलीच्याच साच्यात काळी फ्रॅन्सी ओतली, नाक-ओठ सगळं तेच, नुसता रंग वेगळा. पुढच्या वर्षी क्रिस्टी आली, पण ती बार्बीची मैत्रीण म्हणून. जिचं स्वतःचं नाव बार्बी आहे अशी काळी बाहुली यायला 1980 उजाडलं, ती किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय डिझायनरने केली. मधल्या काळात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात 1965 ची दंगल झाली, त्यानंतर तिथल्याच लोकांनी शिंदाना नावाचा कारखाना काढला आणि 1968 मध्ये बेबी नॅन्सी बनवली, खऱ्या काळ्या बाळाच्या नाका-ओठांची. ज्यांच्या मुलांना दुकानात स्वतःसारखं काहीच दिसत नव्हतं त्यांनी साठ-सत्तर वर्षं हे मागितलंय.

आणि परदेशातलं म्हणाल तर निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची, आडवी केली की डोळे मिटणारी ती बाहुली कुठली? ती काय कोल्हापूरची आहे? बाहेरून आलेली असूनही ती आपल्याला नॉर्मल वाटते आणि आपल्या मुलीच्या रंगाची बाहुली परकी वाटते, मला खरा त्रास याचा होतो.

"आमच्या बाहुलीला ना रंग ना रूप"

इथे मेसेज लिहिणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. चिंधीची बाहुली कुणाचीही होऊ शकायची. माझी आजी जुन्या लुगड्याच्या पदराची करायची, डोळे काळ्या दोऱ्याचे, कुंकू खरं लावायची, आणि ती बाहुली आजीसारखीच दिसायची. लाकडाची ठकी घ्या, ती लुगडं नेसलेली, कपाळाला कुंकू, आपल्या घरातल्या बाईसारखीच. म्हणजे तेव्हा आपली बाहुली आपल्यासारखी होती! आता मुलीचा हात धरून कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात जा आणि शेल्फ बघा, तिच्यासारखी एक तरी दिसते का ते सांगा. तुलना करायची तर ह्या शेल्फशी करा.

आणि "आम्ही मजेत वाढलो" यातले आम्ही म्हणजे कोण? माझी मोठी बहीण सावळी, दर रविवारी तिला बेसन-हळद चोळून अंघोळ, मला नाही. ती मजेत वाढली नाही. तिला कुणी विचारलंच नाही.

"आजारी बाहुल्या बघून मुलं उदास होतील"

पहिली गोष्ट, व्हीलचेअरवर बसणं म्हणजे आजारी असणं नव्हे.

माझ्या भाचीला चार वर्षांची असताना दोन्ही कानांना मशीन लागलं. ती ते काढून फेकायची, सोफ्याखाली, कुंडीत, एकदा तर पिठाच्या डब्यात सापडलं. मग मी तिच्या बाहुलीला मशीन केलं, पिस्त्याचं टरफल जांभळ्या नेलपॉलिशने रंगवलं, दोऱ्याने कानामागे अडकवलं. त्या दिवसापासून सकाळी आधी बाहुलीचं मशीन घालायचं, "हिची बॅटरी संपलीये" म्हणून बदलायचं, आणि मग स्वतःचं घालू द्यायचं. ती बाहुली बालवाडीत नेली तर उदास कुणीच झालं नाही, उलट दुसऱ्या दिवशी तिघीजणी आपापल्या बाहुल्या घेऊन माझ्याकडे हजर, आमच्या बाहुलीला पण मशीन करून द्या म्हणून.

मोठ्या कंपन्यांना हे कळायला वेळ लागला. मॅटेलने 1997 मध्ये व्हीलचेअरवरची बेकी काढली आणि तिची खुर्ची बार्बीच्या "ड्रीमहाऊस" या खेळण्यातल्या घराच्या लिफ्टमध्ये मावेना! आपल्या खऱ्या इमारतींत जे होतं तेच खेळण्यात झालं. 2019 ला पुन्हा व्हीलचेअरची बाहुली आली ती रॅम्प घेऊन. मग 2022 मध्ये कानामागच्या मशीनची, 2023 मध्ये डाऊन सिंड्रोमची, 2025 मध्ये टाइप वन डायबेटिसची, हिच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे आणि कमरेला इन्सुलिनचा पंप. रोज सुई टोचून घेणाऱ्या मुलीला ती बाहुली बघून काय वाटेल याचा विचार मेसेजमध्ये कुठेच नाही, त्यात फक्त बाकीच्यांना काय वाटेल एवढंच आहे.

"हा सगळा धंदा आहे"

आहे. खेळणी विकणारी कंपनी धंदाच करणार. पण 1965 मध्ये स्लंबर पार्टी बार्बी आली होती, तिच्यासोबत 110 पौंडांवर, म्हणजे साधारण 50 किलोंवर, अडकवलेला वजनकाटा आणि वजन कमी कसं करायचं याचं पुस्तक, त्यात सल्ला काय तर "खाऊ नका". तोही धंदाच होता. इंग्लंडमध्ये 2006 साली 5 ते 8 वयाच्या 162 मुलींचा अभ्यास छापून आला, बार्बीची चित्रं बघितल्यावर त्यातल्या लहान मुलींना स्वतःचं शरीर कमी आवडायला लागलं, बारीक व्हावंसं वाटायला लागलं. उंच, बुटकी आणि भरलेल्या अंगाची अशा तीन नव्या बार्बी यायला 2016 उजाडलं. धंद्यावर आक्षेप असेल तर तो सगळ्याच बाहुल्यांवर घ्या, फक्त सावळ्या आणि व्हीलचेअरवाल्या बाहुलीच्या वेळीच तो का आठवतो?

किमतीचं मात्र मला पटतं. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांना त्या ब्रँडेड बाहुल्या परवडणार नाहीत, मलाही नाही परवडत. म्हणून मी शिवते. कापड पाव मीटर पुरतं, आत जुन्या उशीचा कापूस, केसांना काळी लोकर, आणि कुरळे हवे असतील तर लोकर ओली करून पेन्सिलीला गुंडाळून रात्रभर ठेवायची. रंगासाठी मॅचिंग सेंटरसारखी दुसरी जागा नाही, ब्लाउजच्या टू बाय टू कापडात तपकिरीच्या इतक्या छटा असतात की बघत राहावं. परवा एका मुलीला तिच्या आईसकट घेऊन गेले होते. दुकानदारांनी नेहमीसारखं विचारलं, कशावर मॅचिंग हवंय ताई, साडी आणलीय का, मी त्या मुलीचा हात काउंटरवर ठेवला. त्यांनी चार तागे काढले, दुसरा बरोबर जुळला.