बक्षीस तपासण्याला द्यावे, आकड्याला नको

टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा मधुमेह, असलेल्या मुलांनी बोट टोचून साखर तपासावी, वेळेवर इन्सुलिन घ्यावे, यासाठी त्यांना बक्षीस द्यावे की नाही, यावर आम्हा पालकांमध्ये दोन टोकांची मते आढळतात. ‘स्वतःच्या तब्येतीसाठी कसले आले बक्षीस?’ असे काहीजण ठणकावून सांगतात, तर काही घरांत ‘शुगर कंट्रोलमध्ये आली की सायकल’ असे वचन आजोबांपासून मामापर्यंत सगळेच देत असतात. माझी मुलगी सातव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे आणि मला या दोन्ही भूमिका मुलांवर अन्याय करणाऱ्या वाटतात.

पहिल्या भूमिकेत मुलाच्या वाट्याला आलेल्या कामाची जाणीवच नाही. दिवसातून निदान चार वेळा बोट टोचायचे, प्रत्येक जेवणाआधी इंजेक्शन घ्यायचे, एकाच जागी गाठ होऊन इन्सुलिन नीट शोषले जाईनासे होऊ नये म्हणून पोट, मांडी, दंड अशा जागा बदलत राहायच्या, आणि या कामाला दिवाळीची सुट्टी नाही की सहलीची नाही. या साऱ्याचे फळ म्हणजे पुढे कित्येक वर्षांनी डोळे आणि मूत्रपिंडे शाबूत राहणे. आठ वर्षांच्या मुलाने तेवढ्या लांबच्या फळाकडे पाहत आज सुई टोचून घ्यावी, ही अपेक्षा मोठ्या माणसांनाही पेलत नाही. रक्तदाबाची गोळी विसरणारे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. म्हणून आज संध्याकाळी हाती पडेल असे काहीतरी त्याला मिळाले, तर त्यात मला काहीच गैर दिसत नाही.

मात्र ते कशासाठी मिळते, यावर सगळे अवलंबून आहे. मीटरवरचा आकडा केवळ मुलाच्या वागण्यावर ठरत नाही. ताप आला की साखर चढते, परीक्षेच्या ताणाने चढते, वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे तेच इन्सुलिन अपुरे पडू लागते, आणि संध्याकाळी भरपूर कबड्डी खेळल्यावर रात्री साखर अचानक उतरू शकते. अशा आकड्यावर सायकल टांगून ठेवली की २६० आलेले असताना डायरीत १४० लिहायला मूल शिकते, किंवा आकडा जास्त येणार हे ठाऊक असल्यामुळे तपासायचेच टाळते. त्याच डायरीवरून डॉक्टर डोस ठरवतात. खोट्या १४० मुळे वाढवायला हवा असलेला डोस वाढत नाही, आणि आजारपणात हीच लपवाछपवी कीटोॲसिडोसिसपर्यंत, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठण्यापर्यंत आणि थेट अतिदक्षता विभागापर्यंत नेऊ शकते. आमच्या घरी तक्त्यावरचा तारा तपासण्यासाठी आणि खरा आकडा सांगण्यासाठी मिळत असे. ३०० सांगितल्यावरही तोच तारा, आणि त्या वेळी कोणाच्याही कपाळावर आठी नाही. ही दुसरी अट पाळणे मोठ्यांना फार जड जाते, पण तिच्यावाचून तक्त्याला अर्थ नाही.

फिलाडेल्फियात १४ ते २० वर्षांच्या ९० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दरमहा ६० डॉलर आधीच खात्यावर धरून, तपासणीचे ठरलेले उद्दिष्ट चुकेल त्या दिवसाचे २ डॉलर कापले जात. बक्षीस चालू असलेल्या तीन महिन्यांत या गटाने सुमारे निम्मे दिवस उद्दिष्ट पाळले, तर बक्षीस नसलेल्या गटाने जेमतेम १९ टक्के. पण पैसे थांबल्यावर हा फरक जवळजवळ विरला आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीत तर लक्षणीय फरक पडलाच नाही. मी यातून असा अर्थ घेते की बक्षिसाने सुरुवात होते, सवय लागायला मात्र शेजारी बसलेले माणूस लागते. तारे हळूहळू कमी करावेत, आपले लक्ष कमी करू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलावर ‘आता तू मोठा झालास’ म्हणून सगळे सोपवून मोकळे होणे मला धोक्याचे वाटते.

बक्षीस खाण्याचे नसावे, असेही माझे ठाम मत आहे. गोड वर्ज्य आहे म्हणून नव्हे. हिशेबाने इन्सुलिन घेऊन गणपतीत मोदक खाता येतो आणि तो इतर भावंडांसारखाच, काही न कमावता मिळाला पाहिजे. शिवाय साखर ७० च्या खाली गेली की ग्लुकोज पावडर हे औषध असते. औषध आणि बक्षीस यांची सरमिसळ होऊ देऊ नये. अर्धा तास जास्त खेळ, रविवारी कुठे जायचे हे ठरवण्याचा मान, एखादे गोष्टीचे पुस्तक एवढे पुरते. धाकट्या भावंडालाही मीटर आणून देण्याचे काम आणि त्याचा तारा द्यावा, नाहीतर आजारी असण्याचाच त्याला हेवा वाटू लागतो.

नातेवाइकांना आणि मदत करू इच्छिणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. मीटरला लागणारी एकेक स्ट्रिप विकत घ्यावी लागते आणि दिवसाला चार म्हटले तरी महिन्याला सव्वाशेच्या आसपास लागतात. ज्या घरांत त्या मोजून वापराव्या लागतात, तिथे मुलाने तपासले नाही याचे कारण कंटाळा नसून पैसा असतो. अशा मुलाला सायकलचे वचन देण्याऐवजी स्ट्रिपचे डबे द्यावेत, आणि ते देताना त्याचा शेवटचा आकडा किती होता हे विचारू नये.